हा ढीग कोणाचा, वत्सलाक्का?

वत्सलाक्का, तुमच्या शोकसभेत लावलेला फोटो बघून माझं डोकं फिरलं.

तळ्यात तरंगते वाफे सोडले त्या दिवशीचा तो फोटो. फीत कापणारे पाहुणे, कंपनीचे लोक, आपल्या तळं समितीचे अध्यक्ष, सगळ्यांना कापून टाकलं होतं आणि मधल्या तुम्हाला तेवढं मोठं करून घेतलं होतं. मागे पाणकणसाची हिरवीगार रांग. दात दिसतात म्हणून सगळ्यांना वाटलं तुम्ही हसताय. मी त्या वेळी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही हसत नव्हतात. उन्हानं डोळे बारीक करून तुम्ही अध्यक्षांना विचारत होतात, "हे वाढल्यावर काढून कुठे नेणार, ते ठरलं काय?" आणि ते कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले होते, "सरी, सरी, मॅडम." म्हणजे बरं, बरं, एवढंच.

सभा आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये होती. कोणी तुम्हाला निसर्गकन्या म्हणालं, कोणी तळ्याची आई. उभं आयुष्य कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला निसर्गकन्या! एका गृहस्थांनी सांगितलं की अक्कांचं झाडांवर फार प्रेम होतं. प्रेमाचं मला माहीत नाही. तुम्ही एखाद्या झाडाला कुरवाळताना मी कधी पाहिलं नाही. तुम्ही ते उपटायचात, मुळं धुवायचात, खोड मोडून आत बघायचात आणि मग सांगायचात की हे इथं काय करतंय. ते ऐकायला यांच्यातला एकही जण थांबत नव्हता. आता सगळे थांबले होते, कारण आता तुम्ही काही विचारणार नव्हतात.

मी पण काही बोलणार नव्हते. पण त्या सभेत जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर आधीचंही थोडं सांगायला लागेल. तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी ऐका. मला दुसऱ्या कोणाला सांगायचं नाहीये.

नागपूरहून मी इथं नोकरीला आले तेव्हा महादेवपुऱ्यात मला कोणी ओळखत नव्हतं. दिवसभर ऑफिसात हिंदी-इंग्रजी, घरी आल्यावर भिंतीशी मराठी. रविवारी सकाळी तळ्यावर चालायला जायचे. तिथं गेटापाशी लक्ष्मम्मा पालेभाजी विकायला बसायची. शेजारणीनं सांगितलं होतं की होनगोने सोप्पु म्हणून एक भाजी मिळते, डोळ्यांना चांगली असते. मी एक जुडी घेतली आणि मागून कोणीतरी ती माझ्या हातातून ओढून घेतली. वळून बघते तर सुती साडी, पायात गमबूट आणि डोक्यावर छत्री धरलेल्या तुम्ही. तुम्ही कन्नडमध्ये काहीतरी विचारलंत. मला शब्दही कळला नाही. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "काहून?"

"अय्यो, मराठी काय गे?" तुम्ही म्हणालात. "काहून म्हणतेस म्हणजे नागपूर. बरं झालं. आता नीट रागावता येईल."

मग तुम्ही त्या जुडीतली एक काडी मोडलीत आणि माझ्या डोळ्यासमोर धरलीत. आतून पोकळ, नळीसारखी. "होनगोनेचं फूल खोडाला चिकटून बसतं. याचं बघ, लांब दांडीवर आहे. ही तिची परदेशी बहीण. तळ्यात माजते. खायला वाईट नव्हे ही, पण कुठल्या पाण्यात उभी राहून आली ते विचार की आधी."

लक्ष्मम्माला विचारलंत तर तिनं हात करून तळंच दाखवलं. ताजी असते, फुकट मिळते, कीडसुद्धा लागत नाही, असं ती अभिमानानं सांगत होती. तुम्ही तिच्यावर आवाज चढवला नाहीत. फुटपाथच्या कडेला तिच्याशेजारी बसलात, बराच वेळ बोललात, आणि मग तुमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या होसकोट्याकडच्या मळ्यातून तिला बोअरच्या पाण्यावरची भाजी यायला लागली. ती माझ्यासमोर घडलेली तुमची पहिली गोष्ट. तुमच्या सभेला लक्ष्मम्मा आली होती, अक्का. तिला गेटवर वॉचमननं विचारलं, कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय. ती बाहेरच उभी राहिली आणि बाहेरूनच परत गेली. हे मला नंतर कळलं. याचाही हिशोब मी कोणाकडे मागू?

त्या दिवसापासून तुम्ही मला नाव घेऊन हाक मारलीच नाहीत. "ए नागपूर" म्हणायचात. तुमचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी या मुलखात आलेलं, तुमच्या मराठीत कन्नडची निम्मी भेसळ. स्वल्प थांब, स्वल्प खा, स्वल्प गप्प बस. मी हसले की म्हणायचात, "आमची मराठी जुनी आहे गे, डब्यात झाकून ठेवलेली. तुमची रोज उघड्यावर, म्हणून तिला इंग्रजीची बुरशी." या शहरात माझ्या भाषेत मला कोणी रागावणारं मिळालं, ते तुम्ही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलं असेल असं मी धरून चालले.

तळ्याभोवती फिरताना तुम्ही मला जलपर्णी उपटून दाखवायचात. वर गुळगुळीत पानं, जांभळी फुलं, आणि खाली काळ्या केसांसारखी लोंबणारी मुळं. नाल्यातून शिसं येतं, क्रोमियम येतं, निकेल येतं, कॅडमियम येतं, आणि ही मुळं ते ओढून घेतात. म्हणून पाणी थोडं बरं होतं. मी म्हटलं, म्हणजे झाडं विष खातात. तुम्ही तिथंच थांबलात.

"खात नाहीत. हेच सगळे चुकतात. मैला खातील, त्याचं पान करतील, खोड करतील. पण शिशाचं काय करतील? शिसं हे शिसंच. ते मुळात भरून ठेवतात, थोडं पानात. झाड म्हणजे गोदाम आहे गे. गोदाम भरलं की माल उचलायला लागतो. नाही उचललास तर झाड कुजतं आणि सगळं पुन्हा पाण्यात."

एवढंच होतं तुमचं म्हणणं. पाचवीतल्या मुलाला कळेल इतकं सोपं. आणि मोठमोठ्या पगाराच्या माणसांना ते वर्षानुवर्षं कळलं नाही, असं मी आतापर्यंत समजत होते. सभेच्या दिवशी मला उमगलं की त्यांना ते पहिल्यापासून कळलेलं होतं.

तरंगत्या वाफ्यांची कल्पना समितीनं आणली तेव्हा झाडं निवडून दिलीत ती तुम्हीच. पाणकणीस, वाळा, कर्दळ. एका कंपनीनं खर्च उचलला. तुम्ही एकच अट घातलीत: झाडं पिवळी पडायच्या आत मुळासकट काढायची, जलपर्णीही काढायची, आणि सगळं विषारी कचऱ्याच्या प्रकल्पावर पाठवायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या कापणीला कंत्राटदाराची माणसं आली ती विळे घेऊन. शेंडे छाटले आणि मुळं तशीच. तुम्ही काठावरून ओरडत होतात, "केस कापून डोकं दुखायचं थांबतं काय रे?" त्यांना हसू आलं. त्यांचा काय दोष, त्यांना शेंडे छाटायलाच सांगितलं होतं. शेंडे छाटले की वाफे फोटोत नीटनेटके दिसतात.

आणि मशीननं मुळासकट काढलेली जलपर्णी? ती कल्याणीच्या मागे टाकली. गणपती विसर्जनासाठी बांधलेला तो हौद, त्याच्या पलीकडे कोणी जात नाही. तिथं ढीग झाला. गाई यायच्या, हिरवं दिसेल ते ओढून खायच्या. पाऊस आला की ढिगातून काळं पाणी निघायचं आणि उतारानं थेट तळ्यात जायचं. तळ्यातून काढलेलं तळ्यात. तुम्ही मला ते बोट दाखवून दाखवलंत.

मग ते खत. समितीतल्या कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की एवढा हिरवा माल वाया कशाला घालवायचा. ढिगाचं खत झालं, ते हिरव्या पानाचं चित्र असलेल्या पिशव्यांमध्ये भरलं गेलं आणि 'आपल्या तळ्याची भेट' म्हणून घरोघर वाटलं गेलं. माझ्या बाल्कनीत पण एक पिशवी आली. मी तुम्हाला कौतुकानं दाखवली. तुम्ही मूठभर खत कागदावर पसरलंत, त्यातला मुळांचा एक काळा पुंजका चिमटीत धरलात आणि खुर्चीत बसून राहिलात.

"यात कोथिंबीर लावलीस काय?"

"लावणार होते."

"नको लावू." आणि मग इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, "कोणाकोणाच्या घरी गेलंय हे?"

तुमच्या एका विद्यार्थ्याच्या लॅबमध्ये ते तपासून आलं. तुम्ही सांगत होतात तेच निघालं. ते घेऊन तुम्ही समितीच्या बैठकीत उभ्या राहिलात. मी होते ना तिथं! एकजण म्हणाला, झाडं नैसर्गिक असतात, ती विषारी कशी असतील. दुसरा म्हणाला, मग वाफे काढूनच टाकायचे का. तुम्ही म्हणालात, "वाफे चांगले आहेत. झाडं त्यांचं काम करतात. आपलं काम आपण करत नाही." अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, लोक उत्साहानं काम करतायत. एवढा नकारात्मक सूर नको. आपण यावर नंतर बोलू." आणि सगळे समोशांकडे वळले. तुम्ही कागद हातात धरून उभ्याच होतात. मला आजही तो समोशांचा वास आला की कानशिलं तापतात.

पुढच्या रविवारी खताचा दुसरा टेम्पो आमच्या गेटवर आला आणि तुम्ही त्यावर चढून बसलात. खरंच बसलात, पिशव्यांवर, छत्री उघडून. टेम्पोवाल्यानं विनवण्या केल्या. तुम्ही त्याला मोसंबी सोलून दिलीत आणि बसून राहिलात. लोक गॅलरीतून फोटो काढत होते. अध्यक्ष खाली आले.

"मॅडम, या वयात हे शोभतं का?"

"या वयातच जमतं. नोकरी जायची भीती नाही."

"रेसिडेंट्स वाट बघतायत पिशव्यांची."

"त्यांना खाली बोलवा. मी प्रत्येकाला सांगते आत काय आहे ते. मग ज्याला हवी त्यानं न्यावी."

एकालाही खाली बोलावलं नाही त्यांनी. ऊन उतरल्यावर टेम्पो परत फिरला. मी टाळ्या वाजवल्या, तुम्हाला हात देऊन उतरवलं, म्हटलं, जिंकलात अक्का. तुम्ही गमबुटातला खडा काढत म्हणालात, "टेम्पो गेला कुठे ते बघितलंस काय?" तो कल्याणीच्या मागे गेला होता. खत वाटणं बंद झालं. ढीग वाढत राहिला.

त्यानंतर तुमचे सगळे हेलपाटे. एका ऑफिसात सांगितलं, हा बागेचा कचरा आहे, आमच्याकडे येत नाही. बागेच्या कचऱ्याच्या ऑफिसात सांगितलं, यात धातू आहेत म्हणता तर आमच्याकडे येत नाही. शेवटी विषारी कचऱ्याच्या प्रकल्पावर तुम्ही फोन लावलात, स्पीकरवर, माझ्या स्वयंपाकघरात. तिकडच्या माणसानं विचारलं, "जनरेटर कोण?"

"आमच्याकडे जनरेटर नाही," तुम्ही म्हणालात. "करंट गेला की मेणबत्ती लावतो."

"तसं नाही, मॅडम. कचरा निर्माण करणारा कोण? कंपनीचं नाव सांगा."

"तळं आहे."

"तळ्याची नोंदणी आहे का?"

तुम्ही फोन ठेवलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मला हसू आलं नाही. तो माणूस चुकीचं बोलत नव्हता. त्याला कोणीतरी हवं होतं, सही करून हा कचरा आमचा म्हणणारं. समिती ते म्हणायला तयार नव्हती. कंपनीचं म्हणणं, आम्ही फक्त वाफे दिले. तुम्ही म्हणालात माझं नाव लिहा, तर ते म्हणे एका व्यक्तीचं चालत नाही, संस्था लागते.

आणि याच्यावरून आपलं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी तळ्यात आणणारा तो जुना मोठा नाला. त्याच्या वरच्या अंगाला, पत्र्याच्या शेडांमध्ये नळांना, गाड्यांच्या भागांना मुलामा द्यायचं काम चालतं. पाटी नाही, नाव नाही, मागच्या बाजूनं एक पाइप नाल्यात. कधी पिवळं पाणी, कधी हिरवं. मी म्हटलं, व्हिडिओ काढू, टाकू सगळीकडे, तक्रार करू. तुम्ही दोसा उलटत होतात. म्हणालात, "एक बंद करशील, तो पुढच्या गल्लीत उघडेल. तिथं कामाला पोरं आहेत, त्यांचे ते सोललेले हात बघितलेस काय? त्यांच्या मालकाला सोडून तीच घरी बसतील. आधी ढीग. ढीग आपण केलाय. आपलं आवर, मग दुसऱ्याच्या दारात जा."

"म्हणजे विष सोडणारा मोकळा, आणि आपण आयुष्यभर उपसत बसायचं?"

"ओरडू नको."

"का नको? तुम्ही टेम्पोवर चढलात तेव्हा चाललं. नाल्यावर जायचं म्हटलं की पोरांच्या नोकऱ्या आठवतात. अक्का, ज्यांचे हात बघितलेस का म्हणता, त्यांचे हात तसे झाले ते त्याच शेडमध्ये ना?"

तुम्ही दोसा माझ्या ताटात टाकलात. "गार होतोय. खा."

मी खाल्ला. चांगला झाला होता. पण तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि आता ते मिळणार नाही. मी त्यानंतर पुष्कळ विचार केला, तुमच्या बाजूनंही करून बघितला. मला अजून वाटतं की मीच बरोबर होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वाटू दे, सरी." आणि तेवढ्यावरून मी आणखी चिडले असते.

तुमच्यावर पण राग आहे, अक्का. रक्तदाबाची गोळी तुम्ही अर्धी करून घ्यायचात. पूर्ण घेतली की सकाळी चक्कर येते, तळ्यावर जाता येत नाही, म्हणून. जगाला मुळासकट काढायला सांगणारी बाई स्वतःची गोळी अर्धी मोडत होती. हे मला तुमच्या सुनेकडून दवाखान्यात कळलं. तुम्ही पलंगावर होतात, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द येत नव्हते. डावा हात तेवढा हलत होता. मी तो धरला आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून तळ्याचं सांगत बसले. वाफे पिवळे पडायला लागलेत, कापणीला आलेत, लक्ष्मम्मानं विचारलंय. तुम्ही माझी बोटं इतकी घट्ट दाबलीत की दुखली. मी ते होकार समजले. कदाचित तुम्ही सांगत होतात की आता हे पुरे, दुसरं काही बोल. मला कळायला मार्ग नाही.

आता सभेचं.

भाषणं झाल्यावर अध्यक्ष उठले आणि जाहीर केलं की वाफ्यांच्या या भागाला 'वत्सला जलउद्यान' असं नाव देणार, तुमचा तोच फोटो लावून मोठी पाटी करणार. सगळ्यांनी हात वर करून पाठिंबा दिला. तुमचा मुलगा श्रीधर म्हैसूरहून आला होता. त्यानं हात जोडले. बिचारा, आईच्या दुःखात. समोरून मान मिळतोय तर नको कसं म्हणणार. मग अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्यांच्या भाषेच्या. दोन शब्द बोला."

मी माइक घेतला.

"अक्कांचं नाव द्यायला इतके हात वर झाले, बरं वाटलं," मी म्हटलं. "कल्याणीच्या मागे एक ढीग आहे. त्यालाही एक नाव हवंय. हा कचरा आमचा, असं कागदावर लिहायला. समितीतलं कोण देतंय?"



"ही वेळ नव्हे," अध्यक्ष म्हणाले.

"वेळ हीच आहे. वाफे पिवळे पडलेत. पाऊस आला की सगळं परत पाण्यात जाईल."

मागून कोणीतरी म्हणालं, "असं कसं नाव द्यायचं? उद्या कोणी केस केली तर? कोणाचं जनावर मेलं तर जबाबदारी कोणाची?"

अक्का, तिथं माझ्या लक्षात आलं. त्या माणसाला मी ओळखते. झाडं नैसर्गिक असतात म्हणणारा तोच. ढिगात नुसतं गवत आहे असं त्याला खरंच वाटत असतं तर नाव द्यायला तो घाबरला असता का? सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हापासून माहीत होतं. तुम्ही वर्षानुवर्षं या लोकांना समजावत राहिलात, आकृत्या काढून, मुळं धुऊन दाखवून, आणि ते समजलेले लोक न समजल्यासारखे बसून होते. तुमचं सगळं बोलणं वाया गेलं. मला माइक फेकून मारावासा वाटला.

मी तेच बोलले. "गवत असेल तर घाबरता कशाला? विष असेल तर आमच्या बाल्कनीत कशाला पाठवलंत?"

गडबड झाली. कोणी म्हणालं, मृत व्यक्तीचा मान ठेवा. कोणी म्हणालं, बाहेरून येऊन इथं राजकारण करतात. आणि मग श्रीधर उठला. तो माइकपाशी आलाच नाही. जागेवरूनच कन्नडमध्ये बोलला, आणि इतक्या वर्षांत मला तेवढं कन्नड यायला लागलंय. तो म्हणाला, "ढीग तिथं आहे तोपर्यंत आईचं नाव लावू नका. मी परवानगी देत नाही." त्याच्या हातात तुमचा चष्मा होता. तो त्यानं सबंध वेळ मुठीत धरला होता.

लोक पांगायला लागले. खुर्च्या सरकल्या. मी माइक खाली ठेवला आणि रडू आवरत सँडल शोधत होते तेव्हा पद्मा मॅडम जवळ आल्या. समितीच्या सचिव. तुम्हाला आठवतील, बैठकीत कोपऱ्यात बसून नुसतं लिहून घ्यायच्या. मी त्यांना कधी तोंड उघडताना ऐकलं नव्हतं.

"सही सचिवाची चालते," त्या म्हणाल्या. "मी करते. संस्थेचं नाव, माझी सही."

"अध्यक्ष?"

"ओरडतील. माझा नवरा पण ओरडेल." त्यांनी पर्सची चेन उगाच उघडली, लावली. "त्या खतात मी टोमॅटो लावले होते. नातवाला कौतुकानं खाऊ घातले. तुमच्या अक्का टेम्पोवर बसल्या तेव्हा मी गॅलरीतून फोटो काढत होते."

पुढे ओढाताण खूप झाली. पद्मा मॅडमना राजीनामा द्यायला सांगितलं, त्यांनी दिला नाही. नमुने नव्यानं घेतले, कागद परत आले, पुन्हा गेले. मध्येच एक वळीव पडला आणि मी रेनकोट घालून ढिगावर ताडपत्री ओढायला धावले; श्रीधर तेव्हा इथंच होता, तो दुसरं टोक धरून चिखलात बसला. वाफे या वेळी मुळासकट वर काढले. मी काठावर उभी राहून प्रत्येक वाफ्याखाली वाकून बघितलं. तुमच्यासारखं ओरडता आलं नाही, पण बघितलं.

काल विषारी कचऱ्याच्या प्रकल्पाचा ट्रक आला. हातमोजे घातलेल्या माणसांनी दिवसभर ढीग भरला. ड्रायव्हर उत्तरेकडचा, नवा होता. त्यानं कागद चाळून मला विचारलं, "मॅडम, एवढ्या गवताला एवढे कागद कशाला?" मी त्याला सांगितलं. नाल्यातून काय येतं, मुळं काय करतात, कुजल्यावर काय होतं. तुम्ही मला सांगितलं होतं त्याच शब्दांत, हिंदीत. त्यानं ऐकून घेतलं. मग खाली उतरला, ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या आणि सगळ्या बाजूंनी परत बांधल्या, आधीपेक्षा घट्ट. बांधून झाल्यावर वाकून खाली काही सांडलंय का ते बघितलं.

त्याला एकदाच सांगावं लागलं, अक्का. एकदाच. तुम्हाला किती वेळा सांगावं लागलं ते आठवून मी तिथं रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्यानं रडले. दुःखानं नाही. संतापानं. हा एक ट्रक तुमच्या डोळ्यांदेखत जायला हवा होता. तो जाऊ शकत होता. फक्त एक सही लागत होती आणि ती करणारं माणूस त्याच खोलीत बसलेलं होतं.

जिथं ढीग होता तिथं आता ओली काळी जमीन आहे. तीही वरून खरवडून न्यायला हवी म्हणतात, तेही बघू. तळ्यात नवे वाफे सोडलेत. नाल्यातून काल पिवळं पाणी येत होतं.

म्हणून सांगते. तुमचं म्हणणं मी पूर्ण केलं, आधी ढीग म्हणालात, आधी ढीग काढला. आता मी त्या शेडांवर जाणार आहे. पद्मा मॅडम येतायत. तिथल्या पोरांशी आधी बोलेन, त्यांचे हात बघेन, मालकाशी नंतर. तेवढं तुमचं ऐकलं. त्यापुढे ऐकणार नाही. थांबवायचं असेल तर या आणि थांबवा, अक्का. या आणि म्हणा, ए नागपूर, ओरडू नको.